बाहेरच्या लाकडाचं पॉलिश दर पावसाळ्यात सुटतं, त्याचं काय करायचं

मे महिन्यात पॉलिश मारलं, गणपतीत पोपडे. खरवडून पुन्हा मारलं, पुढच्या गणपतीत पुन्हा पोपडे. कोकणात ज्यांनी ज्यांनी घरापुढे लाकडी डेक घातला किंवा चिऱ्याच्या गडग्याऐवजी हौसेने लाकडी कुंपण केलं, त्यातल्या बहुतेकांची हीच तक्रार असते. खापर फुटतं पॉलिशवाल्यावर, नाहीतर डब्यावर. मीही दोन वर्षं तेच केलं.

आमचा डेक दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. वीस फूट लांब, बारा फूट रुंद. खाली ऐनाचे वासे, वर अकेशियाच्या फळ्या, आणि पुढे कंबरभर उंचीचं कुंपण, जुनं घर उतरवलं तेव्हा निघालेल्या सागातून केलेलं. पहिल्या वर्षी पॉलिशवाल्याने चकचकीत पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन हात दिले. आरशासारखा डेक. जुलैत फळ्यांवर दुधाळ ढग दिसायला लागले, ऑगस्टमध्ये खिळ्यांच्या कडेने फुगे आले, सप्टेंबरात खराट्याने झाडताना केराबरोबर पापुद्रे निघायला लागले. दुसऱ्या वर्षी महागातला डबा आणला. फरक एवढाच पडला, की ढग जुलैऐवजी ऑगस्टमध्ये आले.

तिसऱ्या वर्षी खिडकीचं झडप दुरुस्त करायला सुतारमामा आले होते. मी डेकवर उकिडवा बसून पातीने पोपडे काढत होतो. त्यांनी माझ्या हातातला एक पापुद्रा घेतला, उलटा करून तळहातावर ठेवला आणि बोटाने त्याची पाठ घासली. बोटाला राखाडी, केसासारखी बारीक लव लागली.

"बघा ओ," ते म्हणाले, "ह्याला काय झालेलं नाय. ह्यानं लाकूड घट्ट धरलंन. लाकूडच सुटलं."

तेव्हापासून कुणीही पोपड्यांची तक्रार सांगितली की मी डब्याचं नाव विचारत नाही. पोपडा उलटा करून बघा, म्हणतो.

पाठीवर लव असेल तर

लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारा जो घटक असतो, तो लिग्निन. उन्हातली अतिनील किरणं त्याला तोडतात, पाऊस तुटलेलं धुऊन नेतो, आणि वर उरतो तो सुट्या तंतूंचा राखाडी थर. उघड्यावर पडलेलं कुठलंही लाकूड काही महिन्यांत करडं दिसायला लागतं ते यामुळेच. पारदर्शक पॉलिशची गोची अशी, की ते पाणी अडवतं पण ऊन आत सोडतं. वरचा थर शाबूत आणि त्याच्याखाली लाकडाचा पृष्ठभाग भुसभुशीत, अशी स्थिती होते. पहिला जोरदार पाऊस झाला की फळी फुगते. थराला तेवढं ताणता येत नाही, कुठेतरी केसाएवढी चीर पडते, तिथून पाणी शिरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग थर जातो तो खालचं मेलेलं लाकूड बरोबर घेऊनच.

करड्या पडलेल्या लाकडावर न घासता थेट पॉलिश मारलं तरी हीच लव दिसते. तिथे पाया आधीच भुसभुशीत होता, एवढाच फरक.

पोपड्याची पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर गोष्ट वेगळी. त्या लाकडाने थर कधी धरलाच नव्हता. लाकूड आतून ओलं असणार, किंवा पॉलिशवाल्याने सवयीने 220 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून त्याची छिद्रं बुजवली असणार, किंवा तेलकट साग न पुसता रंगवला असणार. पाठीवर जुन्याच रंगाचा थर आला असेल तर नव्या डब्याला बोल लावूच नका, खालचा जुना थर सुटलाय.

पोपडे कुठून सुरू झाले तेही बघून घ्या. फळीच्या टोकांना आणि सांध्यांना आधी सुटले असतील तर पाणी कापलेल्या टोकातून आत जातंय. टोकाकडून लाकूड पाणी नुसतं ओढतं, फळीच्या सपाट अंगापेक्षा कितीतरी जास्त. दक्षिण-पश्चिमेकडची बाजू सरसकट गेली असेल तर ते उन्हाचं काम.

दुकानात नुसतं 'स्टेन' मागू नका

न्यू जर्सीतल्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर त्याचा डेक दाखवला. तीन वर्षं झाली, रंग थोडा उतरलाय, पोपडा एकही नाही. "फक्त डेक स्टेन मारलं रे," म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी खेडला जाऊन स्टेनची बाटली घेऊन आलो. महिन्याभरात लाकूड फिकं, आणि पहिल्या सरीत तपकिरी पाण्याचे ओघळ पायरीपर्यंत.

घोळ शब्दाचा आहे. अमेरिकेत डेक किंवा कुंपणासाठी जे स्टेन मिळतं त्यात रंगद्रव्य, तेल किंवा रेझिन, पाणी झटकणारं मेण आणि बुरशीनाशक हे सगळं एकत्र असतं. ते लाकडात मुरतं आणि वर आणखी काही लागत नाही. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात 'वुड स्टेन' म्हणून पुढे येतं ते बहुतेक वेळा घरातल्या फर्निचरला छटा द्यायचं पातळ रंगीत पाणी. त्याच्यावर मेलामाइन नाहीतर पीयू मारायचं असतं. त्यात बऱ्याचदा विरघळलेला डाय असतो आणि डाय उन्हात टिकत नाही. दुकानदाराची यात चूक नाही, मागितलं ते त्याने दिलं.

तेव्हा मागताना सगळं वाक्य बोला: बाहेरच्या लाकडासाठी, आत मुरणारं, रंगद्रव्य असलेलं, वर टॉपकोट न लागणारं. डब्यावर 'एक्स्टिरिअर' हा शब्द हवा. 'डेक ऑइल', 'वुड ऑइल' किंवा 'पेनिट्रेटिंग' असं लिहिलेलं असेल तर तुम्ही योग्य कपाटापुढे उभे आहात. घरी आणल्यावर डबा न हलवता उघडा आणि काठी तळाशी फिरवा. काठीला चिखलासारखा गाळ लागला की बहुधा रंगद्रव्य आहे. मग एका टाकाऊ तुकड्यावर लावून दोन दिवसांनी नखाने उचलून बघा. साय निघावी तसा पापुद्रा निघाला तर ते मुरणारं नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

रंगद्रव्यावर एवढा जोर का? कारण बाहेरच्या लाकडाला उन्हापासून वाचवतं ते तेच. स्टेनमधले तपकिरी-लाल-पिवळे रंग बहुतेक लोहाच्या ऑक्साइडचे असतात, म्हणजे आपल्या गेरूचे भाऊबंद. गेरू पाण्याने धुपेल, पण उन्हाने विटत नाही. तो लाकडाच्या वरच्या तंतूंत बसला की किरणं त्याच्यावरच अडतात. 'यूव्ही प्रोटेक्शन' लिहिलेल्या पारदर्शक डब्यांत किरणं शोषणारी रसायनं असतात. ती थोडा वेळ मिळवून देतात, पण कोकणातल्या उघड्या डेकवर तो वेळ फार नसतो.

क्लिअर, सेमी, सॉलिड

क्लिअर म्हणजे आमच्याकडे एक पावसाळा. सागाची रेषा दिसलीच पाहिजे असा हट्ट असेल तर पडवीतल्या झोपाळ्याला लावा, तिथे ऊन-पाऊस थेट येत नाही.

सेमी-ट्रान्सपरंटमध्ये रंगद्रव्य असतं, तरी रेषा दिसते. डेकसाठी माझं मत यालाच. डेकवर ते दीड-दोन वर्षं चांगलं राहतं. कुंपणावर त्याहून जास्त, कारण उभ्या लाकडावर पाणी साचत नाही आणि पाय घासत नाहीत. उतरतं तेही नुसतं फिकं होत. धुवायचं, सुकवायचं, एक हात द्यायचा. खरवडायचं नाही, आणि माझ्या लेखी सगळा फायदा हाच आहे.

सॉलिड स्टेन दिसायला जवळपास रंगच. लाकूड झाकतं आणि ऊन सगळ्यात चांगलं अडवतं, पण त्याचा थर बनतो. डेकवर पायाखाली आणि साचलेल्या पाण्याखाली तो थर पुन्हा सुटणार. कुंपणाला मात्र चालतो, त्यातून कुंपणावर जुना रंग खाचाखोचांतून बसलेला असेल आणि सगळा काढणं जिवावर येत असेल तर तोच बरा. जुन्या रंगाच्या ठिगळांवर मुरणारं स्टेन मुरत नाही, वरच चिकट राहतं.

छटा निवडताना कार्डावरचा चौकोन बघून ठरवू नका. अकेशियावर आणि सागावर एकच डबा दोन रंगांचा दिसतो. आणि फार गडद तर नकोच. एप्रिलच्या दुपारी दीड वाजता गडद तपकिरी डेकवर अनवाणी चार पावलं चालून बघा, मग कळेल.

लाकडाचंही थोडं बघावं लागतं. साग स्वतःच तेलकट, त्यामुळे वरून दिलेलं तेलाचं स्टेन सुकायला कंटाळा करतं. लावायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचा आणि लगेच लावायचं. अकेशिया घट्ट, फार पीत नाही, त्याला एक हातही पुरतो. मालाच्या खोक्यांचं पाइन वापरलं असेल तर ते भरपूर पिईल आणि तरीही लवकर कुजेल, कारण स्टेन हे कुजण्यावरचं औषध नव्हे. त्याला औषध कारखान्यातच दाब देऊन आत भरावं लागतं. या बाबतीत एक गंमत सांगतो. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं जे मिश्रण जगभर अशा, तांब्यामुळे हिरवट दिसणाऱ्या लाकडात भरलं गेलं, ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी 1933 मध्ये शोधलं. आर्सेनिकमुळे अमेरिकेत 2003 अखेर घरगुती वापराच्या नव्या लाकडातून ते काढून टाकण्यात आलं. असं जुनं हिरवट लाकूड हाती आलं तर मास्कशिवाय घासू नका, आणि उरलेले तुकडे चुलीत अजिबात घालू नका.

कधी आणि कसं

इथेच सगळ्यात जास्त चुकतं. पाऊस संपला, दिवाळी आली, पाहुणे येणार, म्हणून ऑक्टोबरात घाई होते. वरून फळी खडखडीत दिसते पण तिने चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेललेला असतो. सुतारमामांकडे दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र आहे. ऑक्टोबरच्या शेवटी त्याने आमच्या फळ्यांत 22 टक्के दाखवले, डिसेंबरच्या मध्याला 14. पंधराच्या खाली आल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा आमच्याकडे आता नियम आहे. यंत्र नसेल तर पाण्याचे चार थेंब टाका. काही मिनिटांत जिरले तर लाकूड प्यायला तयार आहे. मण्यासारखे बसून राहिले तर आत ओल तरी आहे, नाहीतर जुना थर अजून छिद्रांत आहे.

जुना पीयूचा थर मात्र पूर्ण काढावा लागतो, त्याला पळवाट नाही. आम्ही पेंट रिमूव्हर आणि सँडर दोन्ही वापरले, चार दिवस गेले. आधी 60 नंबर, मग 80, आणि तिथे थांबायचं. पॉलिशवाल्याला हे पटत नाही. हात फिरवून "अजून खरखरीत लागतंय दादा," म्हणतो. लागू दे. घरातल्या टेबलाला मऊपणा हवा, डेकला भूक हवी.

घासण्याआधी धुणं. सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीचची पूड) पाण्यात घालून ब्रशने लावलं, पंधरा मिनिटं ठेवलं आणि गोड्या पाण्याने भरपूर धुतलं, की बुरशी, शेवाळ आणि समुद्राच्या वाऱ्याने आणलेलं मीठही जातं. जोराच्या फवाऱ्याच्या यंत्राची (प्रेशर वॉशरची) तोटी लाकडाच्या फार जवळ नेऊ नका, तंतू उभे राहतात. धुतल्यावर सुकायला काही दिवस, मग घासणं, आणि घासल्यावर आठवड्याभरात स्टेन. घासलेलं लाकूड महिनाभर उन्हात तसंच ठेवलं तर पुन्हा तोच भुसभुशीत थर तयार होतो आणि केलेली मेहनत वाया.

दिवसातली वेळही बघावी लागते. सकाळी दव असतं, दुपारी फळी इतकी तापते की स्टेन मुरायच्या आत सुकतं आणि पट्टे दिसतात. आमचा डेक पश्चिमेला, त्यामुळे दहा ते एक घराची सावली त्याच्यावर असते. तेवढ्यात काम उरकतो. एका वेळी दोनच फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये थांबायचं नाही. टोकांना तीनदा भिजवायचं. पंधरा-वीस मिनिटांनी जे वर उरलं असेल ते सुती फडक्याने पुसून काढायचं. हे पुसणं कुणाला आवडत नाही, पैसे पुसून टाकल्यासारखं वाटतं. पण न पुसलेलं स्टेन आठवडाभर चिकट राहतं, त्यात धूळ बसते आणि पुढे तिथेच पापुद्रा होतो. आधीच चिकट झालं असेल तर त्याच स्टेनने ओलं केलेल्या फडक्याने चोळा, मऊ होऊन निघतं. फार दिवस झाले असतील तर टरपेन्टाइन.

आणि ती फडकी. तेलाच्या स्टेनची किंवा बेलतेलाची (म्हणजे रंगाऱ्यांच्या जवसाच्या तेलाची) फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर तेल सुकताना तयार होणारी उष्णता आतच साठते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. काडीची गरज लागत नाही. एकेक फडकं दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

बेलतेलाचा विषय निघालाच आहे तर, बेलतेल, टरपेन्टाइन आणि चिमूटभर रंग हा जुन्या रंगाऱ्यांचा घरगुती नुस्खा अजून चालतो. स्वस्त आहे, मुरतोही. पण बुरशीला तेल म्हणजे खाऊ, आणि आमच्या हवेत बेड्याच्या, म्हणजे कुंपणाच्या फाटकाच्या, आडव्या दांड्या श्रावणात काळ्याकुट्ट झाल्या. काजूच्या टरफलांचं तेल कीड-वाळवीला भारी. होड्यांना आणि जमिनीलगतच्या लाकडाला ते लावतच आले आहेत. पण ते काळं, चिकट आणि कातडी भाजणारं. जिथे लोक बसणार तिथे नकोच.

काळे डाग

काळा डाग दिसला की लगेच घासायला घेऊ नका, आधी ओळखा. डागावर कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत फिका पडला तर बुरशी. परकार्बोनेटने धुवा आणि पुढच्या वेळी बुरशीनाशक असलेला डबा घ्या. काहीच झालं नाही आणि डाग खिळ्याभोवती निळसर काळा असेल तर तो लोखंडाचा. ऐन, अकेशियासारख्या लाकडातलं टॅनिन आणि ओलं लोखंड यांची जणू शाई होते. त्यावर ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात विरघळवून लावायचं, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि नंतर भरपूर पाणी. डाग जातो, पण खिळा तोच राहिला तर वर्षभरात परत येतो. आम्ही हळूहळू सगळे खिळे काढून स्टेनलेसचे स्क्रू बसवले. ब्लीच आणि ऑक्झॅलिक एकाच वेळी एकाच डागावर वापरायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघू शकतो, म्हणून एक पूर्ण धुऊन मगच दुसरं.

पाणी साचायची जागा ठेवली असेल तर कुठलाच डबा पुरणार नाही. दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट हवी आणि त्या फटीत अडकलेली आंब्याची पानं पावसाआधी तारेने काढायला हवीत. डेकच्या खाली हवा खेळायला हवी. कुंपणाच्या खांबाचं डोकं सपाट न ठेवता उतरतं कापा. बूड थेट मातीत पुरण्यापेक्षा काँक्रीटवर लोखंडी पायात बसवा, मातीत पुरायचंच असेल तर डांबर मातीच्या वर चार बोटं येऊ द्या.

सध्या आमच्याकडे डिसेंबरात एक दिवस धुणं आणि जानेवारीत दोन सकाळी स्टेन, तेही एक वर्ष आड. चौथं वर्ष चालू आहे. पोपडा नाही. फक्त उत्तरेकडच्या कोपऱ्यातल्या तीन फळ्या दरवर्षी पांढऱ्या पडतात, स्टेन कितीही पाजा. सुतारमामांनी गेल्या आठवड्यात त्या फळ्यांकडे बघितलंच नाही. वर छपराकडे बघितलं आणि म्हणाले, "पन्हळ वीतभर पुढे घ्या." ते काम पावसाआधी करायचं आहे.